इंजिनाचा 'मूळ' रंग कोणता?

वाफेचं इंजिन म्हटलं की बहुतेकांना काळंकुट्ट धूडच आठवतं. आपल्या यार्डांत शेवटच्या वर्षांतली काजळी धरलेली इंजिनं ज्यांनी पाहिली, त्यांची ही समजूत स्वाभाविक आहे. पण जिथे या इंजिनांचा जन्म झाला त्या ब्रिटनमध्ये रंग ही कंपनीची ओळख होती. 1923 साली बहुतेक रेल्वे कंपन्यांचं चार मोठ्या कंपन्यांत विलीनीकरण झालं. त्याआधी मिडलँड रेल्वेचं इंजिन किरमिजी, कॅलेडोनियनचं निळं आणि ग्रेट वेस्टर्नचं हिरवं असे. फलाटावरच्या माणसाला नाव वाचण्याआधीच गाडी कुणाची ते कळायचं.

काळ्या इंजिनांचा समज पक्का करण्यात जुन्या फोटोंचाही हात आहे. त्या काळच्या बऱ्याच फोटोपट्ट्यांना लाल रंग जवळपास दिसतच नसे, त्यामुळे किरमिजी इंजिन फोटोत काळं उमटायचं आणि निळं मात्र प्रत्यक्षापेक्षा फिकट. दुसरी गंमत कारखान्यातली. नव्या इंजिनाचा अधिकृत फोटो काढायचा असला की त्याला आधी फिका राखाडी रंग देत, म्हणजे प्रत्येक दांडा आणि प्रत्येक रिव्हेट स्पष्ट दिसावा. कधी कधी फक्त कॅमेऱ्याकडची बाजू रंगवत. फोटो झाला की खरा रंग चढे. अशा फोटोंवरून 'हा वर्ग राखाडी होता' असं लिहिलेलं आढळलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

काळा म्हणजे काटकसर, हेही सरसकट खरं नाही. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेने 1873 च्या सुमारास हिरवा सोडून काळा स्वीकारला, पण तो चकचकीत, वॉर्निश केलेला आणि लाल, दुधी व राखाडी रेघांनी सजवलेला होता. काटकसरीचा काळा आला तो दुसऱ्या महायुद्धात. लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने तेव्हा रेघा गाळल्या आणि टेंडरवरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावरच्या, 'एलएनईआर'मधली दोन अक्षरं कमी करून नुसतं 'एनई' ठेवलं. या दोन काळ्यांना एकच मानणं म्हणजे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नच्या क्रू इथल्या कारखान्यातल्या कारागिरांवर अन्याय आहे.

विल्यम स्ट्राउडलीबद्दलची दंतकथा तर अजून जिवंत आहे. हा लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेचा इंजिनप्रमुख. त्याच्या प्रवासी इंजिनांचा सोनेरी गेरूसारखा पिवळा रंग 'सुधारित इंजिन हिरवा' या नावाने ओळखला जाई. त्यावरून तो रंगांध होता असं सांगतात. पण त्याच पिवळ्याभोवती गडद हिरव्या पट्ट्या आहेत आणि मालगाड्यांच्या इंजिनांना त्याने वेगळा ऑलिव्ह हिरवा ठरवून दिला होता. ज्याला दोन्ही सारखेच दिसतात, तो अशी विभागणी कशाला करील? शिवाय ब्रायटनला येण्याआधी स्कॉटलंडच्या हायलँड रेल्वेतही त्याने हा पिवळा वापरला होता. यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात 1882 चं 'ग्लॅडस्टन' आहे. तो रंग एकदा पाहावाच.

सर्वांत हट्टी गैरसमज 'मूळ' रंगाचा. जगातलं बहुधा सर्वाधिक प्रसिद्ध इंजिन 'फ्लाइंग स्कॉट्समन' घ्या. डॉनकास्टरला 1923 साली ते तयार झालं तेव्हा त्याचा क्रमांक होता 1472. प्रसिद्ध 4472 त्याला मिळाला 1924 मध्ये, वेम्बलीला भरलेल्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाच्या वेळी. तेव्हा ते सफरचंदी हिरवं होतं. युद्धात काळं झालं, राष्ट्रीयीकरणानंतर काही काळ निळं आणि मग ब्रिटिश रेल्वेच्या गडद हिरव्यात 60103 म्हणून धावलं. 1963 मध्ये रेल्वेप्रेमी अ‍ॅलन पेग्लरने ते विकत घेऊन पुन्हा सफरचंदी हिरवं केलं, त्यावर 4472 लिहिलं, आणि लोकांना वाटलं, हेच खरं रूप. मात्र 1947 साली या इंजिनाला अधिक दाबाचा बॉयलर बसून ते ए-3 वर्गात गेलं होतं आणि त्याआधीच त्याचा 4472 क्रमांक बदलला होता. म्हणजे ए-3 च्या अंगावर 4472 हा मेळ लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न कंपनीच्या काळात कधी नव्हताच. 2016 मध्ये दुरुस्तीनंतर ते गडद हिरव्या रंगात परतलं तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. दुहेरी चिमणी आणि बाजूचे धूररोधक पत्रे यांच्याशी जुळणारा रंग खरं तर तोच आहे. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला ते असंच दिसत होतं. 'खरा रंग कोणता' असं विचारून उपयोग नाही, 'कोणत्या वर्षीचा' असं विचारायला हवं. 'मॅलार्ड' या इंजिनाच्या ए-4 वर्गाचंही तेच. निळा म्हणून तो ओळखला जातो, पण 1935 मधली पहिली चार इंजिनं चंदेरी-राखाडी होती.

आता चिन्हांकडे. इंजिनांवरची ढालींची मानचिन्हं सरकारमान्य असत असं वाटतं, पण बहुतेक कंपन्यांनी ती आपल्या मनानेच जुळवली होती. ग्रेट वेस्टर्नने लंडन आणि ब्रिस्टल या दोन शहरांची चिन्हं शेजारी शेजारी ठेवली आणि काम भागवलं. रीतसर मंजुरी घेतली ती ग्रेट सेंट्रल रेल्वेने, 1898 साली. शिवाय ही चित्रं प्रत्येक इंजिनावर हाताने रंगवत, हाही गैरसमज. ती छापील असत. कागदावरून पत्र्यावर उतरवून वर वॉर्निश फिरवत.

ब्रिटिश रेल्वेचं 1956 चं चिन्ह मात्र रीतसर मंजूर होतं. मुकुटातून उगवलेला, हातात चाक धरलेला सिंह. सिंहाने इंजिनाच्या पुढच्या दिशेला पाहावं म्हणून उजव्या बाजूला त्याचं तोंड उजवीकडे केलं गेलं. मंजुरी फक्त डावीकडे पाहणाऱ्या सिंहाला होती. आक्षेप आला आणि पुढे दोन्ही बाजूंना डावीकडे पाहणाराच सिंह लागला, मग उजव्या बाजूला तो मागे पाहत असला तरी चालेल. त्यामुळे फोटोत उजवीकडे पाहणारा सिंह दिसला, तर तो फोटो 1956 नंतरच्या थोड्याच वर्षांतला असणार, असा अंदाज बांधता येतो.

शेवटचा समज असा, की ब्रिटिश रेल्वेचं 1965 चं दुहेरी बाणाचं चिन्ह वाफेच्या इंजिनावर कधी आलंच नाही. मुख्य मार्गांपुरतं ते जवळपास खरं आहे, कारण ऑगस्ट 1968 मध्ये तिथली वाफ थांबली. पण वेल्समधल्या व्हेल ऑफ रायडॉल या अरुंद मार्गावरची छोटी इंजिनं ब्रिटिश रेल्वेच्याच ताब्यात राहिली. त्यांना डिझेल इंजिनांचा निळा रंग मिळाला आणि त्यावर दुहेरी बाणही लागला. 1989 मध्ये तो मार्ग विकला जाईपर्यंत सरकारी वाफेची इंजिनं तिथे धावत होती.