काडतुसे घरी भरणारा शेजारी

मध्यमवर्गीय मराठी घरात 'दारू' हा शब्द वर्षातून एकदाच मोकळेपणाने उच्चारला जातो, तो दिवाळीत. आणि तोही 'शोभेची' हे विशेषण लावून. एरवी त्या शब्दाच्या दोन्ही अर्थांशी आपला काही संबंध नाही असे आपण मानून चालतो. म्हणूनच गेल्या वर्षी अमेरिकेत मुलीकडे राहायला गेलो आणि तिने पहिल्याच आठवड्यात "बाबा, शेजारचे आजोबा गॅरेजमध्ये बंदुकीची काडतुसे भरतात म्हणे, तुम्ही जरा बघून या ना," असे सांगितले, तेव्हा मी चहाचा कप खालीच ठेवला.

तिची काळजी खरी होती. माझा चार वर्षांचा नातू दिवसातून दोनदा तरी त्या आजोबांच्या अंगणात असे. भिंतीपलीकडे दारूचे डबे आहेत म्हटल्यावर कोणत्या आईला झोप लागेल? आणि ही कामगिरी माझ्याकडे येण्याचेही कारण होते. माझी सारी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. यंत्र आणि माणूस यांपैकी कोण केव्हा दगा देईल याचा थोडाफार अंदाज मला आहे, असा घरात समज आहे.

मुलगी राहते ती बॉयसी ही आयडाहो राज्याची राजधानी. मुलूख डोंगराळ. शरद ऋतू आला की हरणाच्या शिकारीचा परवाना काढणे हे तिथे आपल्याकडे आंब्याची पेटी सांगून ठेवण्याइतके साधे. शेजारी हे शाळेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. मी गेलो तेव्हा ते जुने डुगडुगणारे टेबल काढून नवे करण्याच्या खटाटोपात होते. मी हातात पान्हा घेतला आणि पुढचे तीन आठवडे आमचे छान जमले.

चार वस्तूंचा संसार

काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली इवलीशी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की बंदुकीतली पिन टोपीवर आपटते, टोपीतली आग दारूला भिडते, दारू जळून तिचा वायू होतो आणि तो गोळीला पुढे ढकलतो. गोळी गेली, दारू जळली, टोपी निकामी झाली. मागे उरते ती पुंगळी. सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त अशा पितळेची ही पुंगळी चौघांत बहुधा सर्वांत महाग असते. तीच साफ करून, मूळ मापावर आणून पुन्हा भरायची, एवढाच हा उद्योग. लोणचे संपले म्हणून आपण बरणी फेकत नाही, तसेच हे.

मात्र प्रत्येक पुंगळी भरता येत नाही. एकोणिसाव्या शतकात दोन गृहस्थांनी टोपी बसवण्याच्या दोन तऱ्हा काढल्या. इंग्लंडचे बॉक्सर आणि अमेरिकेचे बर्डन. गंमत अशी, की इंग्रजाची तऱ्हा अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात! बॉक्सरच्या पुंगळीला बुडाशी मधोमध एकच भोक असते, त्यातून सुई घालून जुनी टोपी सहज ढकलता येते. बर्डनच्या पुंगळीला भोके मध्यावर नसतात, त्यामुळे ती उलटी डोकेदुखी. अमेरिकेत घरोघरी हा छंद फोफावला, त्याला बॉक्सरसाहेबांचा मोठाच हातभार आहे.

आणखी एक जात आहे, पॉइंट टू टू ची. तिला वेगळी टोपीच नसते; पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेच्या घडीतच भरलेला असतो आणि पिन ती कडच चेपते. ही पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली 50 मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटरच्या तीन पवित्र्यांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, ते याच जातीच्या काडतुसांवर.

पण टाकाऊ म्हटलेली ही पुंगळीही एकाने वाया जाऊ दिली नाही. दुसऱ्या महायुद्धात बाजारात गोळ्या मिळेनात, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन याने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या जागेत एक साचा तयार केला. वापरलेल्या पॉइंट टू टू पुंगळीचे पितळ दाबून त्याचे गोळीवरचे आवरण बनवायचे, असा तो साचा. त्यातूनच 1943 साली आर.सी.बी.एस. ही कंपनी निघाली. आमच्या शेजाऱ्यांचा हिरवा दाबयंत्राचा सांगाडा तिचाच.

टेबल कसे असावे

आता टेबलाकडे वळू. या कामात सर्वांत कष्टाची क्रिया म्हणजे पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणणे. दाबयंत्राचा दांडा खाली ओढताना टेबलाची पुढची कड खाली खेचली जाते आणि दांडा वर नेताना तीच उचलली जाते. स्वयंपाकघरातले टेबल इथे चार दिवस टिकणार नाही. आम्ही पाऊण इंची प्लायवूडचे दोन थर डिंक आणि स्क्रूंनी एकजीव केले, चार इंची चौकोनी पाय दिले आणि मागची बाजू भिंतीच्या लाकडी खांबांना आवळून टाकली. दाबयंत्र मधोमध नव्हे, तर पुढच्या पायाच्या अगदी जवळ बसवले आणि बोल्टखाली लोखंडी पट्टी दिली, म्हणजे लाकूड चेपत नाही. उंची उभ्या माणसाच्या कोपराच्या बेताची. मग मी टूलरूममधली जुनी परीक्षा घेतली. टेबलावर पाण्याने भरलेली वाटी ठेवून दांडा ओढायला सांगितले. वाटीत तरंग उठला की आणखी एक बोल्ट. तिसऱ्या खेपेला पाणी जवळजवळ स्थिर राहिले.

तराजू मात्र या टेबलावर ठेवायचा नाही. त्यासाठी भिंतीवर वेगळी फळी, आणि तीही पंख्याच्या वाऱ्यापासून दूर. दारू मोजण्याचे माप 'ग्रेन'. एका पौंडात असे 7000 ग्रेन, म्हणजे एक ग्रेन सुमारे 65 मिलिग्रॅम. आपल्या सोनाराच्या गुंजेच्या जवळपास निम्मा. त्या ग्रेनचाही दहावा भाग तराजूने दाखवावा लागतो. सोनाराच्या तराजूत चूक झाली तर गिऱ्हाइकाचे पैसे जातात. इथे चूक झाली तर काय जाते, ते पुढे सांगतो.

आणि टेबलावर काय नसावे

टेबलावर काय असावे यापेक्षा काय नसावे याचीच यादी शेजाऱ्यांनी भिंतीवर लावली होती. चहा नको. सिगारेट तर नकोच नको. रेडिओ नको, टेलिफोन नको. आणि सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत: दारूचा दुसरा डबा नको. एका वेळी एकच डबा कपाटातून काढायचा, तो मापयंत्राशेजारी लेबल समोर दिसेल असा ठेवायचा आणि काम संपताच उरलेली दारू त्याच डब्यात परत. काळसर करड्या कणांची ही दारू पाहून ओळखता येत नाही. कोणती झपाट्याने जळणारी, कोणती सावकाश, ते लेबलच सांगते. लेबल नसलेली दारू सापडली तर ती वापरायचीच नाही.

या दारूला आपण शोरा, कोळसा आणि गंधक यांची काळी दारू समजू नये. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने 1884 साली बिनधुराची दारू सिद्ध केली, तिच्या कुळातली ही. कोणती किती घालायची ते दारू आणि गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या पुस्तकात छापतात. तिथे अंदाजाला, ऐकीव माहितीला जागा नाही. पुस्तकातल्या कमाल आकड्यापासून सुरुवात करायची नाही, खालून सुरू करायचे, हा पहिला धडा.

काम चालते ते असे. एका लाकडी ठोकळ्यात पन्नास भोके. रिकाम्या पुंगळ्या उलट्या, भरलेल्या सुलट्या. तिसरी अवस्था नाही. पन्नास भरून झाल्या की शेजारी विजेरी घेऊन प्रत्येकीच्या पोटात डोकावत. सगळ्यांत दारू एकाच पातळीवर आहे ना? पिस्तुलाच्या पुंगळीत झपाट्याने जळणारी दारू बहुधा निम्म्याहून कमी जागा व्यापते. म्हणजे लक्ष चुकून दोनदा भरली तरी ती आत मावते आणि वरून गोळी बसली की काही कळत नाही. असे काडतूस उडाले तर पिस्तूलच फुटू शकते. उलट दारू घालायची राहिलीच, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत अडकते आणि तिच्यामागून दुसरी झाडली की नळी फाटते. टेबलाच्या वर खिळ्याला पोलादाचा एक वाकडातिकडा तुकडा टांगलेला होता. ओळखीच्या एका माणसाच्या पिस्तुलाचा. "डोळे वाचले, दोन बोटे गेली," एवढेच शेजारी म्हणाले. भरता भरता कोणी हाक मारली, तर शेवटची अख्खी ओळ रिकामी करून ते पुन्हा मोजून भरत. हाक मारणारी त्यांची बायको असली तरीही!

यात पैसे वाचतात का, असे मी विचारले. दर काडतुसामागे वाचतात, असे ते म्हणाले, मग थोडे थांबून, "पण मग मी दुप्पट झाडतो!" सेलमध्ये दोन सदरे स्वस्त मिळाले म्हणून चार घेणाऱ्याचा हिशेब तिकडेही असाच आहे म्हणायचा.

मुलीला काय सांगितले

आता मूळ कामगिरी. स्फोट होईल का? बिनधुराची दारू उघड्यावर पेटली तर भडकून जळते. ती घट्ट कोंडली तर मात्र फुटते. म्हणून तिला जाड लोखंडी तिजोरीत ठेवायचे नसते. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या प्रमाणित नियमावलीप्रमाणे राहत्या घरात मूळ डब्यांतून 20 पौंडांपर्यंत दारू ठेवता येते. त्याहून जास्त, 50 पौंडांपर्यंत ठेवायची तर निदान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. टोप्यांची मर्यादा दहा हजार. शेजाऱ्यांकडे दारू चार पौंडांहून अधिक नव्हती, टोप्या वेगळ्या कपाटात होत्या आणि दोन्ही कपाटे पाणी तापवण्याच्या बंबापासून दूर, कुलपात. किल्ली गळ्यात.

पण खरी भीती दुसरीकडेच होती. टोपीच्या मसाल्यात बहुधा शिशाचे संयुग असते. काजळलेल्या पुंगळ्या मक्याच्या कणसाचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा भुगा घालून फिरत्या भांड्यात घासतात, तेव्हा ते शिसे धुळीत उतरते. ती धूळ हाताला, हातातून तोंडात. लहान मुलांच्या मेंदूला शिसे फार घातक. मुलांच्या रक्तात अमुक इतके शिसे चालेल, असे म्हणण्याजोगी सुरक्षित पातळी आजवर सापडलेली नाही. स्फोटाचा आवाज तरी होतो. या धुळीचा नाही.

मी ते भांडे कुठे आहे असे विचारले, तेव्हा शेजाऱ्यांनी मला घरामागच्या पडवीत नेले. झाकण घट्ट, शेजारी बादली आणि ओले फडके. फरशी कधी झाडायची नाही, ओल्यानेच पुसायची. कामाचा अंगरखा आणि जोडे गॅरेजबाहेर येत नसत. हात साबणाने धुतल्याशिवाय ते नातवाच्या डोक्यावरून हातही फिरवत नसत. मुलीला मी सांगितले, "अंगणात खुशाल जाऊ दे. गॅरेजात मात्र नाही, आणि घरी आला की आधी हात धू." शेजाऱ्यांचेही म्हणणे तेच होते. तिला ते पटले, आणि मुख्य म्हणजे झोप लागली.

आपल्याकडे

हे वाचून कोणा वाचकाला हौस वाटली, तर ती इथेच थांबवावी. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसे भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विकण्याचा धंदा करायचा तर 1968 च्या कायद्याप्रमाणे लागतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे. हे काम ज्यांचे, ते पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात 1869 पासून चालत आले आहे. आपण त्यात लुडबूड करण्याचे कारण नाही.

मग गॅरेजातले तीन आठवडे माझ्या काय कामी आले? त्या भिंतीवरच्या यादीतली पहिली ओळ. धोक्याची वस्तू तिच्या मूळ डब्यातच, लेबलासकट. दुसऱ्या कशात ती कधीही ओतायची नाही. आपल्या घरात बंदूक नाही, दारू नाही. पण फिनेल सरबताच्या बाटलीत असते, रॉकेल पाण्याच्या बाटलीत, आणि न्हाणीघर घासायचे ॲसिड कोणत्या बाटलीत आहे ते फक्त गृहिणीला ठाऊक असते. चार वर्षांच्या मुलाला बाटलीचा आकार कळतो, आतला माल कळत नाही. दिवाळीची साफसफाई यंदा माळ्यावरून सुरू करण्याआधी मोरीखालचे कप्पे उघडावेत आणि लेबल नसलेली प्रत्येक बाटली बाहेर काढावी. त्याला टेबल लागत नाही, परवानाही लागत नाही.