उपचारानंतरचे घर

व्यसनमुक्त होऊन गेलेली स्त्री काही महिन्यांत पुन्हा का दाखल होते, असे हितचिंतक व नातेवाईक आम्हांस विचारतात. शरीरातील विष उतरावयास थोडे दिवस पुरतात. परंतु मारहाण वा अत्याचाराच्या आठवणी दडपण्यासाठीच जिने दारू जवळ केली, तिला त्याच घरी धाडणे म्हणजे अर्धाच उपचार.

या संदर्भात अमेरिकेतील नॅशव्हिल शहरातील एका कार्याची माहिती देणे उचित वाटते. बेका स्टीव्हन्स या महिला धर्मोपदेशकांनी १९९७ साली पाच स्त्रियांसाठी तेथे घर उघडले. देहविक्रय, हिंसा व व्यसन यांतून आलेल्या या स्त्रियांची दोन वर्षांची राहण्याची व उपचारांची सोय विनामूल्य होती. देखरेखीस घरात कोणी अधिकारी राहत नसे. एवढा विश्वास टाकणे आम्हांला तरी धाडसाचे वाटते.

खरी अडचण पुढेच होती. पोलिसांत नोंद असलेल्या स्त्रीस नोकरी कोण देणार? म्हणून २००१ साली 'थिसल फार्म्स' हा उद्योग निघाला. थिसल म्हणजे रस्त्याकडेला उगवणारे काटेरी, जांभळ्या फुलांचे रानझुडूप. आपल्या उटकटारीच्या कुळातले. मेणबत्त्या, सुगंधी तेले या स्त्रियाच तयार करतात. नव्याने आलेलीला काम शिकविते तीही बहुधा त्याच वाटेने आलेली. आम्हा डॉक्टरांचे जे पटत नाही ते तिचे पटते, हे कबूल करण्यात कमीपणा नाही. शिवाय हाती पडतो तो पगार, मदत नव्हे. त्यातून खोलीचे भाडे निघते, आणि मारणाऱ्याच्या दारी परतावे लागत नाही.