ट्रकची वीजव्यवस्था : बदली रिलेची निवड

फ्यूज परिपथ तोडण्यापुरता असतो. रिले मात्र थोड्या विद्युतधारेने मोठ्या धारेची उघडझाप करणारा चुंबकी स्विच असून, हेडलाईटचा सगळा भार डॅशबोर्डवरच्या बटणावर पडू नये म्हणून तो मध्ये बसवलेला असतो. त्याच्या ८५ आणि ८६ क्रमांकांच्या पायांमध्ये कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे असते. तिने खेचलेला पॉइंट ३० वर येणारा बॅटरीचा पुरवठा ८७ मार्गे दिव्याकडे किंवा हॉर्नकडे सोडतो.

भारतातील अवजड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडलेल्या असतात आणि इंजिन चालू असताना दाब २८ व्होल्टच्या आसपास जातो. मोटारीतला १२ व्होल्टचा रिले त्याच बेसमध्ये बिनदिक्कत बसतो, आणि खरा घोटाळा तिथेच होतो. कारण त्याच्या कॉइलचा रोध साधारण ९० ओहम, तर २४ व्होल्टच्या कॉइलचा ३०० ओहमच्या वर असतो आणि दाब दुप्पट झाला की कॉइलमधली उष्णता चौपट होते.

याहून फसवा आकडा अँपिअरचा आहे. एकाच घडणीच्या रिलेला १२ व्होल्टवर ४० आणि २४ व्होल्टवर केवळ २० अँपिअरची क्षमता दिलेली पुष्कळदा आढळते. गुणाकार सारखाच येत असल्याने हा वॉटचा हिशेब वाटतो, पण तो तसा नाही. मिटलेले पॉइंट किती तापतात हे विद्युतधारेवरच अवलंबून असते. ते उघडताना मात्र मधल्या फटीत ठिणगीची ज्योत, म्हणजे आर्क पेटतो आणि चांदीच्या पॉइंटांमध्ये तो टिकायला साधारण १२ व्होल्ट लागत असल्यामुळे २४ व्होल्टवर तो सहजी विझत नाही. घरगुती प्रत्यावर्ती धारा क्षणोक्षणी शून्यावर येते, तशी सवड बॅटरीची दिष्ट धारा देत नाही. त्यामुळे ‘चाळीसचा टाका, जळणार नाही’ हा बाजारातला सल्ला, ते चाळीस किती व्होल्टवरचे हे पाहिल्याशिवाय निरर्थक ठरतो.

भाराचा स्वभावही पाहावा लागतो. ७० वॉटचे दोन बल्ब मिळून सहा अँपिअरही घेत नाहीत, पण थंड फिलामेंट पहिल्या क्षणी सुमारे दसपट धारा ओढते आणि पॉइंट चिकटतात ते तेव्हाच. हॉर्न किंवा सोलेनॉइडसारखा वेटोळ्याचा भार उलट तोडताना त्रास देतो. कॉइलवर डायोड असलेल्या रिलेत ८६ ला धन आणि ८५ ला ऋण टोक नेहमीच्या आकृतीप्रमाणे द्यावे लागते, अन्यथा डायोडमधून शॉर्ट होतो. शिवाय काही रिलेंत ३० आणि ८६ यांच्या जागा आपसांत बदललेल्या असतात, म्हणून आवरणावरची आकृती जुन्या रिलेशी ताडून पाहणे अटळ आहे.

नवा रिले बसवल्यावर भार चालू ठेवून ३० आणि ८७ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावल्यास दाबाची घट एक-दोन दशांश व्होल्टच्या आत असावी. ती तशी असूनही बेसचे प्लास्टिक तपकिरी पडत असेल, तर दोष सैल झालेल्या क्लिपचा असून तिथे क्लिपच बदलावी लागते.