वाफ्यापाशी जुळलेला शेजार

घरदार सोडून आलेल्या माणसाला आपण भाकर देतो, पांघरूण देतो. पण त्याच्या हाताला काम आणि मनाला मान कोण देणार? जर्मनीतील ग्योटिंगेन शहरात या प्रश्नाचे उत्तर बागेत सापडले.

1992 ते 1995 च्या बोस्नियातील युद्धामुळे अनेक कुटुंबे तिथे आश्रयाला आली होती. सर्वांत जास्त उणीव कशाची भासते, असे त्यांतील स्त्रियांना विचारले, तेव्हा त्यांनी आपल्या मागे राहिलेल्या बागांचे नाव घेतले. मग जमीन शोधली गेली आणि 1996 मध्ये पहिली ‘आंतरराष्ट्रीय बाग’ सुरू झाली. बोस्नियन, इराकी, अफगाण, इथिओपियन आणि जर्मन कुटुंबे शेजारी-शेजारी भाजी लावू लागली. वाफा ज्याचा त्याचा, निर्णय मात्र सर्वांनी मिळून. एकमेकांशी बोलायला सर्वांची समान भाषा जर्मनच. त्यामुळे नव्या देशाची भाषाही वाफ्यापाशीच शिकली गेली. मुख्य म्हणजे, कालपर्यंत मदत घेणारा हात शेजाऱ्याला भाजी देऊ लागला. पुढे जर्मनीतील अनेक शहरांनी हा कित्ता गिरवला.

भगिनींनो, आपल्या मोहल्ल्यात मोकळी जमीन कुठे, असे तुम्हाला वाटेल. पण गच्चीवरच्या उन्हात, तळाला भोके पाडलेल्या उथळ टोपलीतही मेथी महिनाभरात खुडायला येते. पहिली जुडी घरात ठेवू नका. जिच्याशी जिन्यात फक्त सलाम-नमस्कार होतो, त्या शेजारणीकडे ती मुलांच्या हातून पाठवा.