चहा खरेच 'आंबतो' का?

ठाणे-डोंबिवलीच्या टपऱ्यांवर उकळतो तो बहुधा बारीक दाण्यांचा सीटीसी चहा. चीनच्या युनान प्रांतात मात्र रानातल्या जुन्या वृक्षांच्या पानांचा काळा चहा उन्हात वाळवतात. (चहाचे झुडूप राहते ते छाटणीमुळे, मोकळे सोडले तर त्याचा वृक्ष होतो.) तिथल्या जिंगमाई डोंगरावरची जुनी चहावने २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली.

या दोन्ही चहांची पाने 'आंबवतात' असे पुस्तकांत आढळते. हा शब्द आम्हांला खटकतो. इडलीच्या पिठात काम सूक्ष्मजीव करतात; इथे पानातलेच विकर करते. पाने चुरडली की पेशी फुटतात, विकर आणि पॉलिफेनॉल एकत्र येतात, आणि हवेतल्या ऑक्सिजनने पान तांबूस होते. पुढे यंत्रातल्या गरम हवेने विकर निकामी होते. उन्हाची ऊब सौम्य, त्यामुळे त्यातले थोडे टिकू शकते आणि चहा साठवणीतही हळूहळू बदलतो.

वर्गात सफरचंदाच्या दोन पातळ चकत्या घ्या. एक दोन मिनिटे उकळत्या पाण्यात धरा, दुसरी तशीच ठेवा. तासाभराने रंग पाहा. हिरव्या चहाची पाने आधीच वाफवतात किंवा भाजतात. तो कोणत्या चकतीसारखा, हे मुलांनाच ठरवू द्या.