अकरा हजार नऊशे चार युरो म्हणजे बजेट नव्हे

२०२५च्या सप्टेंबरात माझी पुतणी मास्टर्स करायला जर्मनीत माग्डेबुर्गला गेली. जाण्याआधी आमच्या घरात जो हिशोब व्हायचा तो एकाच आकड्याभोवती फिरायचा, ११,९०४ युरो. विद्यार्थी व्हिसासाठी लागणाऱ्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये एवढे भरले की वर्षभर बघायला नको, असं तिचे वडील सगळ्यांना सांगत होते. हीच समजूत मी त्यानंतर कितीतरी पालकांच्या तोंडून ऐकली. या समजुतीमुळे मुलं परक्या गावात पहिल्याच महिन्यात अडचणीत येतात, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. जर्मन सरकार तिथल्या गरजू विद्यार्थ्यांना 'बाफ्योग' नावाचं शैक्षणिक साहाय्य देतं. त्याची महिन्याची कमाल रक्कम २०२४च्या हिवाळी सत्रापासून ९९२ युरो आहे. तिला बारानं गुणलं की ११,९०४ होतात. परदेशी विद्यार्थ्याकडे निदान एवढे पैसे आहेत याची खात्री व्हिसा देणाऱ्याला हवी असते, तेवढ्यापुरता तो आकडा. ही फी नाही, सरकारकडे जमा होणारे पैसेही नाहीत. व्हिसा नाकारला गेला तर रक्कम परत मिळते, खातं चालवणाऱ्याचं शुल्क तेवढं जातं.

त्या ९९२ युरोंच्या पोटात काय आहे तेही बघण्यासारखं आहे. रोजच्या खर्चाला ४७५, आरोग्य आणि शुश्रूषा विम्याला १३७ आणि घरभाड्याला ३८०. ३८० युरोंत माग्डेबुर्ग, केमनित्स किंवा इल्मेनाऊसारख्या गावात खोली मिळते. म्युनिकमध्ये चौघांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीलाच आठशेच्या आसपास मोजावे लागतात. म्हणजे तोच व्हिसा आणि तेच ब्लॉक्ड अकाउंट असूनही म्युनिकच्या विद्यार्थ्याला दरमहा चारशे युरो कमी पडतात. घरी आकडेमोड करताना देशाचं नाव पुरत नाही, गावाचं नाव घालावं लागतं. जाहिरातीत भाडं 'काल्ट' लिहिलंय की 'वार्म' तेही बघा. काल्ट म्हणजे नुसतं भाडं. वार्ममध्ये हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरलेलं असतं, पण वीज आणि इंटरनेट त्यात आहे का ते विचारून घ्यावं लागतं. विद्यार्थी वसतिगृहाची खोली सगळ्यांत स्वस्त पडते आणि तिची प्रतीक्षायादी लांब असते. प्रवेशाचं पत्र हातात पडेल त्याच दिवशी अर्ज करा.

आता दुसरी समजूत, पैसे भरलेत म्हणजे पोचल्या पोचल्या ते हातात येतील ही. पुतणीच्या वहीचं पहिलं पान माझ्याकडे फोटोत आहे. ती २२ सप्टेंबरला पोचली, वसतिगृहाची किल्ली १ ऑक्टोबरला मिळणार होती. वहीत निळ्या शाईनं लिहिलंय: हॉस्टेल ९ रात्री, ३१५. खोलीचं डिपॉझिट ४००. पहिलं भाडं २७०. विमा १४५. गादी, उशी, पांघरूण ९५. रेल्वे ४०. खाली दोन रेघा ओढून एकूण १,२६५ युरो, आणि शेजारी चौकटीत 'ब्लॉक्डमधून आलेले: ०'. त्या पानावर खाण्याचा खर्च नाही, कारण घरून नेलेल्या थालीपीठ भाजणीवर आणि मेतकूट-भातावर तिनं ते दिवस काढले.

हे शून्य का, तर सगळ्या गोष्टी एकमेकींत अडकलेल्या असतात. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे महिन्याच्या हप्त्यानं तुमच्या जर्मन बँकखात्यात येतात. ते खातं उघडायला पुष्कळ बँका पत्त्याची नोंदणी, तिथल्या भाषेत 'आनमेल्डुंग', मागतात. नोंदणीला घरमालकाची लेखी पुष्टी लागते, आणि नऊ रात्रींचं हॉस्टेल ती सहसा देत नाही. त्यात ऑक्टोबरमध्ये सगळ्या गावाचे विद्यार्थी एकदमच नोंदणीला येतात, त्यामुळे पालिकेची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. खासगी घर घेतलं तर डिपॉझिट काल्ट भाड्याच्या तिप्पट असू शकतं, कायद्यानं तेवढी मुभा आहे. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर निदान दीड ते दोन हजार युरो फॉरेक्स कार्डवर घेऊनच विमानात बसावं. खातं उघडताना काही ठिकाणी जादा रक्कम भरता येते आणि ती पहिल्या हप्त्याबरोबर एकरकमी मिळते. ही सोय आहे का, हे आधीच विचारा.

'जर्मनीत शिक्षण फुकट' हे वाक्य अर्धंच खरं आहे. बहुतेक सरकारी विद्यापीठं शिकवणी शुल्क घेत नाहीत, फक्त सत्रशुल्क घेतात. ते साधारण १०० ते ३५० युरो असतं आणि बऱ्याच ठिकाणी त्यातच प्रवासाचा पास येतो. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला १,५०० युरो घेतं. मुंबईचं भगिनी-शहर श्टुटगार्ट याच राज्यात आहे, हायडेलबर्ग आणि कार्ल्सरूहही. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानं २०२४च्या हिवाळी सत्रापासून अशा नव्या विद्यार्थ्यांना मास्टर्ससाठी सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो फी लावली. खासगी विद्यापीठांची फी वेगळीच, वर्षाला दहा हजार युरोंच्या पुढेही जाते. एखादा सल्लागार 'जर्मनी' म्हणत खासगी विद्यापीठाचं नाव पुढे करत असेल, तर त्याला कमिशन कोण देतं हे विचारायला संकोच करू नका. प्रश्न तुमच्या पैशांचा आहे. निघण्याआधीचा खर्चही फुकटात धरू नका. भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रं तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्याचे १८,००० रुपये. विद्यापीठांचे अर्ज हाताळणाऱ्या युनी-असिस्टमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. व्हिसाचे ७५.

विम्यात पैसे वाचवायचा मोह होतो, आणि तिथली चूक पुढे फार महागात पडते. सार्वजनिक विम्याचा विद्यार्थी दर महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास आहे. खासगी विमा त्याच्या निम्म्यातही मिळतो. पण खासगी विम्यासाठी एकदा सार्वजनिकमधून सूट घेतली की शिक्षण चालू असेपर्यंत परत येता येत नाही. मग दाताचं किंवा पाठीचं दुखणं निघालं की विमा कंपनी अपवादांची यादी पुढे करते. विद्यार्थी दर तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो, हे नोकरी सोडून शिकायला निघालेल्यांनी आधीच लक्षात घ्यावं.

राहिली पार्टटाइम नोकरी. २०२४च्या मार्चपासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन २०२५मध्ये तासाला १२.८२ युरो होतं, २०२६च्या जानेवारीपासून १३.९० झालं. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात भाषा येत नसेल तर कॅफे आणि दुकानं दारातूनच परत पाठवतात, उरतात ती गोदामातली रात्रपाळी आणि सायकलवरून जेवणाचे डबे पोचवणं. पहिल्या सत्रात अभ्यास, भाषा आणि थंडी एकदमच अंगावर येतात. त्या सहा महिन्यांच्या बजेटमध्ये कमाईच्या रकान्यात शून्यच लिहा. पुढे काम मिळालं तर आनंदच आहे.

रुपयांच्या बाजूला दोन गोष्टी. २०२५च्या सुरुवातीला युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, वर्ष संपायच्या आत त्यानं शंभरी ओलांडली. दहा रुपयांच्या फरकानं ११,९०४ युरोंमागे १,१९,०४० रुपये जास्त लागतात. म्हणून कर्जाचा अर्ज आजच्या दरानं करू नका, दहा टक्के चढ धरून करा. दुसरी गोष्ट टीसीएसची. पैसे पाठवताना बँक कापते तो बुडीत कर नाही, विवरणपत्र भरताना तो समायोजित होतो किंवा परत मिळतो. १ एप्रिल २०२५पासून वर्षाला दहा लाखांपर्यंत तो लागतच नाही, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या रकमेवर मुळीच लागत नाही. कर्जाचा हप्ता शिक्षण संपेपर्यंत थांबतो, व्याज मात्र उचल केल्या दिवसापासून चढतं. बारा लाख उचलले आणि दर दहा टक्के असला, तर महिन्याला दहा हजार रुपये. घरच्यांना जमत असेल तर हे व्याज दर महिन्याला भरत जावं.

सगळ्यात कमी बोललं जातं ते दुसऱ्या वर्षाबद्दल. राहण्याचा परवाना वाढवायला गेलं की पुढच्या काळाचे पैसे पुन्हा दाखवावे लागतात, आणि मास्टर्स बहुधा दोन वर्षांचं असतं. पहिल्या वर्षात ब्लॉक्ड अकाउंट दर महिन्याला ९९२नं रिकामं होत गेलेलं असतं. पुतणीनं आता वहीच्या शेवटून एक पान सुरू केलंय, वर लिहिलंय 'तेरावा महिना'. मार्चपासून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतल्या कामाचे पैसे आले की त्यातला काही भाग त्या पानावर चढतो. मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तिनं ते पान वडिलांना दाखवलं. ते चष्मा काढून जवळून बघत राहिले आणि मग त्यांनी पहिल्यांदाच ११,९०४ सोडून दुसरा आकडा विचारला: भाडं वार्म आहे ना?