प्रादोच्या तळमजल्यावरचा काळोख

माद्रिदच्या आतोचा स्टेशनातून बाहेर पडून झाडीच्या रुंद रस्त्यानं उत्तरेकडे चालू लागलं, की उजव्या हाताला विटांची आणि दगडी खांबांची एक लांबलचक इमारत लागते. हे प्रादो संग्रहालय. हुआन दे विलानुएवा यानं १७८५ मध्ये तिचा आराखडा केला, तो निसर्गविज्ञानाच्या नमुन्यांसाठी. राजघराण्याची चित्रं तिथं लागून लोकांसाठी दार उघडलं १८१९ मध्ये. बहुतेक पर्यटक वेलास्केसचं ‘लास मेनिनास’ गाठतात, समाधानानं मान डोलावतात आणि कॅफेकडे वळतात. पण स्पेनच्या राजांना नुसत्या देखण्या चित्रांची हौस नव्हती.

दुसरा फिलिप कडवा कॅथलिक. तरीही हिएरोनिमस बॉशचं ‘गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’ त्यानं मिळवलं आणि १५९३ मध्ये एल एस्कोरियालच्या मठवजा राजवाड्यात पाठवलं. तीन फळ्यांच्या या चित्रात उजवीकडे नरक आहे. डोक्यावर कढई घातलेला पक्षीमुखी प्राणी उंच खुर्चीवर बसून माणूस गिळतोय. शेजारी एकाला वीणेसारख्या वाद्याच्या तारांत ओवलंय. आज प्रादोत या चित्रासमोर लोक घोळका करतात, बोटं दाखवतात, हसतातही. ब्रुगेलचं ‘मृत्यूचा विजय’ (सुमारे १५६२) पाहताना मात्र हसू येत नाही. सांगाड्यांची फौज राजा, शेतकरी, जुगारी सगळ्यांना सारख्याच तत्परतेनं कापत सुटली आहे. अगदी खाली उजव्या कोपऱ्यात एक जोडपं वाद्य वाजवण्यात गुंग आहे आणि त्यांच्या पाठीमागे एक सांगाडा साथ देतोय. त्यांना पत्ताच नाही.

सांगाडे, भुतं काहीही नसताना अस्वस्थ करणारं चित्रही याच छताखाली आहे. युहेनिया मार्तिनेस वायेहो ही सहा वर्षांची, अतिशय लठ्ठ मुलगी १६८० च्या सुमारास दरबारात आणली गेली, ती लोकांनी बघावी म्हणून. दुसऱ्या कार्लोसच्या हुकमावरून चित्रकार कारेन्यो दे मिरांदानं तिची दोन चित्रं काढली. एकात ती भरजरी लाल झग्यात, हातात सफरचंद घेऊन उभी आहे; दुसऱ्यात मद्यदेव बाखसच्या सोंगात, अंगावर कपडा नाही. दोन्ही चित्रं ‘राक्षसीण’ याच नावानं ओळखली जातात. कपड्यांतल्या चित्रात तिच्या चेहऱ्यावर शुद्ध नाराजी आहे. बॉशचा सगळा नरक एकीकडे आणि ही पोर एकीकडे.

तळमजल्यावरचं ६७ क्रमांकाचं दालन गोयाच्या ‘काळ्या चित्रां’चं.

फ्रान्सिस्को गोयानं १८१९ मध्ये मान्सानारेस नदीपलीकडे एक घर विकत घेतलं. वय ७२. सत्ताविशेक वर्षांपूर्वीच्या आजारानं कान पूर्ण गेलेले. गंमत अशी, की त्या घराला ‘बहिऱ्याचा वाडा’ हे नाव गोयामुळे पडलं नाही. ते आधीच्या एका बहिऱ्या मालकावरून आलं. त्याच वर्षअखेर पुन्हा मोठं दुखणं आलं. त्यातून उठल्यावर, १८२० ते १८२३ या काळात, त्यानं घराच्या गिलाव्यावरच तैलरंगात १४ चित्रं काढली. कुणी सांगितली नव्हती, कुणाला विकायची नव्हती. त्यानं त्यांना नावंही दिली नाहीत. आज पाटीवर दिसतात ती नंतर इतरांनी ठेवलेली.

त्यातलं ‘सॅटर्न’ सगळ्यांत कुप्रसिद्ध. मुलांपैकी एक जण आपल्याला पदच्युत करणार, या भाकितानं धास्तावून पोटची पोरं खाणारा हा रोमन देव. रुबेन्सनंही हाच प्रसंग रंगवला आणि तेही चित्र प्रादोतच आहे. तिथं हातात कोयता, आकाशात तारे, सगळं पुराणाप्रमाणे चोख. गोयानं ही सामग्री फेकून दिली. उरले काळोख, फाटलेले डोळे आणि मुंडकं, हात गेलेलं एक धड. ते धडही बाळाचं नाही, वाढलेल्या माणसाचं आहे. शिवाय खाणाराच जास्त घाबरलेला दिसतो.

‘कुत्रा’ या चित्रात तर घडतच काही नाही. पिवळट-मातकट पोकळी आणि तळाशी उताराआडून वर बघणारं कुत्र्याचं डोकं. ते बुडतंय, लपलंय की कुणाची वाट बघतंय, याचा उलगडा चित्र करत नाही.

मात्र या दालनात उभं राहून ‘गोयाचा हात’ शोधणाऱ्यानं जरा जपून असावं. १८७३ मध्ये एमिल दे एर्लांजे या बँकरनं ते घर घेतलं आणि प्रादोचाच जतनकार साल्वादोर मार्तिनेस कुबेल्स याच्याकरवी चित्रं भिंतीवरून सोलून कॅनव्हासवर उतरवली. या उद्योगात रंग झडला, तो पुन्हा भरला गेला. जाँ लोराँ यानं काढलेले जुने फोटो समोर ठेवले, की फरक कळतो. सोटे घेऊन भिडलेली दोन माणसं आज गुडघाभर चिखलात रुतलेली दिसतात. फोटोत ती गवतात उभी आहेत. चेटकिणींच्या मेळ्याचं लांबट चित्र उजवीकडून बरंच कापलं गेलं आहे. म्हणजे चिखलात रुतून लढणाऱ्या माणसांवर लिहिल्या गेलेल्या पानोपानी भाष्याचं थोडं श्रेय कुबेल्सलाही द्यायला हवं.

एर्लांजेनं चित्रं १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली. कौतुक झालं नाही. शेवटी १८८१ मध्ये त्यानं ती स्पेनला देऊन टाकली आणि प्रादोच्या वाट्याला आली. घर १९०९ मध्ये पाडलं.

दालनांत फोटो काढायला मनाई आहे, ते एका परीनं बरंच. संध्याकाळचे शेवटचे दोन तास प्रवेश फुकट असतो, पण तेव्हा बाहेर लांब रांग लागते आणि आत धक्के खावे लागतात. काळी चित्रं निवांत बघायची असतील, तर सकाळी दार उघडताच थेट ६७ क्रमांक गाठावा. ‘लास मेनिनास’ नंतरही बघता येतं.